वाणात दिलेली पर्स

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. शारजात असताना माझ्या बायकोला शिवणाचा नाद लागला आणि डोळ्यांमुळे तो सुटला, असं नातेवाईक अजून म्हणतात. डोळ्यांचं कारण मी पसरवलेलं. ते खोटं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातल्या अल नहदा भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये फ्लोरिडाची एक बाई राहायची. दुबईत शिवणसामानाच्या एका दुकानात ती क्लास घ्यायची. तिच्या भागातल्या सेमिनोल आदिवासी बायकांची तुकडे जोडायची पद्धत तिनं माझ्या बायकोला शिकवली. रंगीत पट्ट्या आधी लांबीला जोडायच्या, मग ते जोडलेलं कापड आडवं कापायचं आणि प्रत्येक काप एक घर खाली सरकवून पुन्हा शिवायचा. तेव्हा पायऱ्यांची नक्षी उमटते. एक शिवण जराशी हलली की पुढचं सगळं तिरकं.

"जोडलेलं परत कापायचं?" मी हसायचो.

"कापल्याशिवाय नक्षी येत नाही," ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची.

लाल, पिवळ्या, काळ्या सुती कापडाची एक छोटी पर्स ती दिवाळीपासून शिवत होती. कितीदा उसवली असेल. शेजारीण कायमची अमेरिकेला परतली तेव्हा क्लाससाठी हिचं नाव सुचवून गेली. दुकानदारानं हिला शनिवारी बोलावलं, नमुन्याला स्वतः शिवलेलं काही घेऊन. पर्स तोवर पुरी झाली होती, तीच ती नेणार होती. हिचा व्हिसा माझ्या नावावर, त्यामुळे माझी संमती लागणार होती. देतो म्हणालो. मनातून द्यायची नव्हती. "काय, वहिनींनाही कामाला लावता का?" असं ऑफिसात एकानं सहज विचारलं होतं. ते मला झोंबलं होतं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. सगळ्या बायका गेल्यावर माझ्या मॅनेजरची बायको आली. टेबलावरच्या वाट्या तोवर संपल्या होत्या.

"अहो, कपाटातली वाटी आणता का?" बायको म्हणाली.

कपाटात एक वाटी होती. शेजारी पर्स होती. मी पर्स उचलली.

"वाट्या खलास," मी बाहेर येऊन म्हणालो. "पण ही हिनं खास तुमच्यासाठी शिवलीय."

"अय्या, घरी केलीत? दुकानातली वाटते."

"बाबा, दॅट्स फॉर द शॉप," आमची मुलगी म्हणाली.

बायकोनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "नाही गं, त्यांचीच आहे ती," असं म्हणून तिनं पर्सवर तिळगूळ ठेवला आणि ती पाहुणीच्या हातात दिली. सवाष्णीला दिलेलं वाण परत मागत नाहीत. मी त्याच भरवशावर होतो.

शनिवारी ती दुकानात गेली नाही. रिकाम्या हातानं काय जाऊ, म्हणाली. दुसरी शिव, असं मी सांगितलं, जसं काही एका दुपारचं काम होतं. क्लास दुसरीला मिळाला. पुढे मॅनेजरकडे जेवायला गेलो, तेव्हा त्या पर्समध्ये टीव्हीचे रिमोट खोचलेले होते. वर्षभरात मॅनेजरही दुसरीकडे गेला. म्हणजे त्यातून मलाही काही मिळालं नाही.

ती दुकानात गेली नाही त्याच शनिवारी माझ्या ताटात चटणी नव्या वाटीत आली.

"एक उरली होती," ती म्हणाली. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मशीन तिनं देऊन टाकलं. वाटी मात्र रोज माझ्याच ताटात यायची, शारजात आणि नंतर पुण्यातही, ती जाईपर्यंत.

आता ती वाटी मीच घासतो. ती होती तेव्हा जेवायला बसलो की रोज ओठांवर यायचं: वाटी मला दिसली होती, तुझी पर्स मी मुद्दाम दिली, माझं चुकलं. ती समोर वाढायला उभी असायची. मी म्हणायचो, जरा मीठ दे.