दोन्ही दारांत दाखवलेलं मूल

माझं माहेर भिसेगावचं. चार इयत्ता शिकले होते म्हणून सासरी मी शहाणी ठरले, आणि शहाण्या सुनेला घरात जेवढं ऐकून घ्यावं लागतं तेवढं ऐकतही होते. सासर कोंडाण्याच्या वाटेवरचं, शेतकऱ्याचं. घर एकच, पण दोघा भावांच्या चुली वेगळ्या. पुढं दोन दारं, मागं परसू एक. एका दाराशी मी, दुसऱ्या दाराशी माझी थोरली जाऊ. सासूबाई जेवायला एक महिना आमच्याकडे आणि एक महिना तिच्याकडे असायच्या; त्यांचा हुकूम मात्र दोन्हीकडे बारा महिने चालायचा.

लढाईची वर्षं होती. माझा मुलगा आणि जावेची मुलगी यांच्यात वीस दिवसांचं अंतर. जावेची आधीची दोन्ही मुलं गेलेली. त्यातला एक देवी टोचल्यावर ताप येऊन गेला, असं घरात सगळे म्हणत. ताप खरा कशाचा होता, देव जाणे. जावेच्या मनात मात्र ते पक्कं बसलं होतं. ही तिसरी जगावी एवढंच तिचं मागणं. नवस, अंगारा, काळा दोरा, जो जे सांगेल ते ती करायची.

त्या हिवाळ्यात टोचणारे डॉक्टर आले. डॉक्टर आपलं आम्हीच म्हणायचो; खरे ते नुसते देवी टोचणारे. सरकारी नोकरीतले म्हातारे गृहस्थ, कर्जतहून पायी यायचे, मागून पेटी घेतलेला शिपाई. मुलाच्या दंडावर लशीचा थेंब ठेवायचे आणि त्यावर एक छोटं दातेरी हत्यार टेकवून गर्रकन फिरवायचे. लस वाळेपर्यंत दंडाला काही लागू द्यायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद असे. आठव्या दिवशी ते परत यायचे. फोड आला असेल तर वहीत तशी खूण करायचे, नसेल तर पुन्हा टोचायचे.

दोन्ही मुलांना एकाच सकाळी टोचलं. माझा दुपारपर्यंत किंचाळत होता. जावेची मुलगी मात्र लगेच गप्प झाली, कारण डॉक्टरांची पाठ वळल्याबरोबर जावेनं परसात नेऊन ओल्या पदरानं तिचा दंड खसाखसा पुसला होता. मी ते पाहिलं. असं पुसलं की लस वाया जाते हे घरात मला एकटीला कळत होतं. पण ती थोरली, मी धाकटी, आणि खरं सांगायचं तर एवढ्यावरून तिच्याशी भांडण कशाला, असं मला वाटलं.

आठव्या दिवशी माझ्या मुलाच्या दंडावर टपोरा फोड होता. जावेच्या मुलीचा दंड स्वच्छ. डॉक्टर शेजारच्या घरी आल्याचं कळलं तशी जाऊ रडायलाच लागली. पुन्हा टोचली तर ही पण जाईल, एवढंच म्हणत राहिली. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि मला म्हणाल्या, तुझा दाखवून झाला की परसातून तिच्याकडं दे.

मी दिला. माझ्या दारात डॉक्टरांनी त्याचा दंड पाहिला, छान धरलीय म्हणाले. ते ओटा उतरून शिपायाशी बोलत होते तेवढ्यात मी परसातून धावत गेले, जावेच्या मुलीची कुंची माझ्या मुलाला चढवली, पार भुवयांपर्यंत ओढली आणि त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. तिची मुलगी माझ्या कुशीत, चुलीमागं. डॉक्टर दुसऱ्या दारानं आत आले, पुन्हा तोच दंड पाहिला. वहीत खूण करून म्हणाले, भावापेक्षा ही गुणी आहे, रडत नाही. ते गेल्यावर आम्ही तिघी पोट धरून हसलो. हसलो, हे मला लिहायलाच हवं. सरकारला कसं फसवलं म्हणून सासूबाई कितीतरी दिवस खुशीत होत्या.

पुढच्या वर्षीच्या फाल्गुनात खालापूरकडच्या एका लग्नाहून आमच्या गावात देवी आल्या. पहिल्या आठवड्यात तीन घरी. डॉक्टर धावत आले आणि वही उघडून दारोदार विचारत फिरू लागले. ज्यांना टोचलं नव्हतं त्यांना टोचत होते, मोठ्या माणसांनाही. आमच्या ओट्यावर येऊन त्यांनी वहीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, या घरची दोन्ही मुलं टोचून झालेली आहेत, काळजी नाही.

जाऊ मुलीला घेऊन उंबऱ्यात उभी होती. मुलगी दीड वर्षाची झाली होती, मला काकू म्हणायला शिकली होती. जावेनं माझ्याकडे पाहिलं. तिला आता टोचून हवं होतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण तिला बोलता येईना, आणि मला येत असून मी बोलले नाही. डॉक्टर रागावतील, गावात छी थू होईल, काहीतरी शिक्षा होईल, सासूबाई मला उभी सोलतील. एवढी सगळी भीती मला वाटली, आणि तिच्या मुलीची भीती तेवढी वाटली नाही. माझा मुलगा सुरक्षित होता ना. डॉक्टर पुढच्या घरी गेले.

डॉक्टर येऊन गेल्यापासून नवव्या दिवशी मुलगी तापली. मग तोंडावर, डोक्यात, तळपायांवर, घशात फोड. देवी घरी आली म्हणून फोडणी बंद, दाराला कडुनिंब, केस विंचरायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. तिला पाणी गिळता येईना. जाऊ केळीच्या पानावर तिला घेऊन बसायची, कारण गोधडी अंगाला चिकटायची. मी मुलाला घेऊन लांबूनच पाहायची. तापाच्या बाराव्या दिवशी मुलगी गेली. देवी कोपेल म्हणून रडायचंही नाही, असं सासूबाईंनी सांगितलं, आणि जाऊ रडली नाही.

ही बातमी ऐकून डॉक्टर आले. ओट्यावर बसून किती वेळ वही पाहत होते. गावातली माणसं जमली. एकजण म्हणाला, टोचून पण पोर गेली, मग टोचायचं कशाला? ठाकरवाडीवरून एक बाई दोन पोरं घेऊन टोचायला आली होती. तिनं ते ऐकलं आणि धाकट्याला कडेवर घेऊन ती माघारी वळली.

डॉक्टरांनी टोपी काढली. जावेला म्हणाले, "बाई, फोड आला तरी माझ्या लशीचा जोर उन्हानं गेला असेल. चूक माझी आहे. मला माफ करा."

मी मुलाच्या दंडावरून पदर ओढून घेतला. सासूबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"तुमची चूक नाय," जाऊ म्हणाली. "माज्या पोरीला टोचलंच नाय असं समजा. मी पुसून टाकलं व्हतं. तुमी बघितली ती माजी पोर नव्हती." मग ती ठाकरीण बाईला म्हणाली, "तू जाऊ नको गं. टोचून घे दोगांना."

बाई थांबली. सासूबाई जावेवर खेकसल्या, पण तिनं लक्ष दिलं नाही.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "मग मी पाहिलं ते मूल कोणाचं होतं?"

माझा मुलगा माझ्या कडेवर होता. आमच्या दोघींत चार हातांचं अंतर असेल. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "इसरले मी."

पेटी उघडून डॉक्टरांनी त्या ठाकरीण बाईच्या पोरांना टोचायला घेतलं, आणि मी मुलाला घेऊन आत गेले.