काचेच्या पेटीतले किडे

माझा नवरा गेला तेव्हा बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक साप होता, आणि आमच्याशिवाय ते एकाच माणसाला ठाऊक होतं. सिंगापुरात साप पाळायला बंदी आहे. तो माणूस म्हणजे नवऱ्याचा चिनी सहकारी. जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दोघं रोज शेजारी बसत. तो नारिंगी, बिनविषारी साप त्यानंच दिला होता. एका सकाळी बस प्लांटच्या दारात थांबली आणि माझा नवरा डोळे मिटून बसलेलाच राहिला. त्याला हलवून उठवू पाहणाराही तोच.

नवऱ्याबरोबर त्याच्या नोकरीवर मिळालेला माझा राहण्याचा परवाना, डिपेंडंट पासही संपला. महिन्याभरात देश सोडायचा होता. सहकारी म्हणाला, "साप मी नेतो. यू डोन्ट वरी, लाह." त्या दिवसांत कुणी घरातलं काही नेतो म्हणालं की मला संताप यायचा. या एका बोलण्यानं मात्र बरं वाटलं. नवऱ्याच्या हातचं खाल्लेला एक जीव तरी इथे कुठेतरी राहणार होता.

मग साप त्याच्या काचेच्या पेटीतल्या पाण्याच्या वाडग्यात जाऊन बसला आणि बाहेर येईना. कात टाकायची वेळ झाली असेल, असं मला वाटलं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. वाडग्याच्या तळाशी काळी पूड साचली, ती मी माती समजले. पाणी बदलताना त्यातला एक कण माझ्या बोटावरून चालत गेला.

सहकाऱ्याला फोन केला. पूड हलते का, ते त्यानं आधी विचारलं. मग म्हणाला, "माइट्स. रक्त पिणारे किडे. पांढरा टिश्यू घे, अंगावरून फिरव. काळे ठिपके आले तर चिरडून बघ. लाल झाले तर ते त्याचं रक्त."

टिश्यूवर लाल रेघा उमटल्या. हनुवटीच्या खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडांना ते दाटीनं बसले होते.

"असा नाही नेता येणार," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे आणखी साप आहेत, सगळ्यांना लागण होईल. साफ झाला की लगेच येतो. प्रॉमिस."

डॉक्टरकडे नेण्याची सोय नव्हती. बंदी असलेलं जनावर कुणाला दाखवणार?

त्याच संध्याकाळी कराडहून सासूबाईंचा फोन आला. काय करतेस म्हणून त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, यांच्या पेटीत किडे झालेत." त्यांना साप माहीत नव्हता. त्यांच्या लेखी पेटी म्हणजे लेकाला कॉलेजला जाताना घेऊन दिलेली कपड्यांची ट्रंक.

"अगं बाई! इतक्यात कसर लागली?" त्या रडायलाच लागल्या. "माणूस जाऊन पंधरवडा नाही झाला आणि कपड्यांना कसर? हवा नाही का दाखवलीस?"

"दाखवते, आई."

"वेखंडाची पुरचुंडी ठेव कोपऱ्यात. आणि सगळं बाहेर काढ, एकेक घडी उलगडून उन्हात टाक. आळस नको करूस, त्याचं एवढंच राहिलंय. लग्नातला सिल्कचा सदरा बघ बरं. भोकं पडलीत का?"

"नाही पडलीत."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

सदरा खरोखरच धड होता. पण ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

वेखंड सापाला चालण्यासारखं नव्हतं. बाकी सहकाऱ्याचं सांगणंही तेच होतं: सगळं बाहेर काढ. हे किडे लाकडाच्या भेगांत, सालीखाली अंडी घालतात. साप कितीही पुसला तरी ते तिथून पुन्हा येतात. पेटीतलं सगळं नवऱ्यानं मांडलेलं होतं. सालीचे तुकडे, दार कापलेली नारळाची करवंटी, ईस्ट कोस्टच्या वाळूतून वेचून आणलेली वाळकी फांदी. फांदीचं टोक त्यानं काचपेपरनं घासलं होतं, सापाला टोचू नये म्हणून. ती कचरा खाली टाकायच्या च्यूटमध्ये मावेना. गुडघ्यावर धरून मोडावी लागली.

मग पेटीत फक्त पांढरा कागद राहिला, ठिपका पडला तर दिसावा म्हणून. रोज कागद बदलायचा, कोपरे गरम पाण्यानं धुवायचे, सापाला कोमट पाण्यात ठेवायचं, अंगाला तेलाचा हात फिरवायचा, काचेच्या काठाला व्हॅसलीन लावायचं. पाचसहा दिवस कागद कोरा राहिला. मी सहकाऱ्याला बोलावलं.

त्यानं स्वतःचा टिश्यू आणला होता. सावकाश, शेपटीपर्यंत फिरवला आणि खिडकीशी नेऊन पाहिला.

"एकच आहे," मी म्हणाले.

"एक म्हणजे अंडी आहेत." त्यानं टिश्यूची घडी केली. "मी तुझ्या नवऱ्याला बसमध्ये किती हाका मारल्या, तुला माहीत आहे ना? साप मी नेला असता गं." आणि तो हात धुवायचंही विसरून निघून गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

माझं तिकीट काढलेलं होतं. साप घेऊन जा म्हणून मी सरकारी कार्यालयात फोन केला. दोघं जण आले, फार सभ्य होते. कुणाचा म्हणून विचारलं. नवऱ्याचा, तो वारला, असं सांगितलं. एकानं सापाला कापडी पिशवीत घातलं. "त्याला किडे झालेत," मी म्हणाले, "दुसऱ्या जनावरांजवळ ठेवू नका."

त्यानं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असे साप आम्ही ठेवत नाही, मॅडम."

पुढचं मी विचारलं नाही. लिफ्टपर्यंत गेले. पिशवी त्याच्या मुठीत लोंबकळत होती. खालून हात देऊन धरा, एवढंच सांगायचं होतं. नवरा तसा धरायचा. शब्द जुळेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती.