शालनची गोळी

माझी बायको भांडायची नाही. समोरच्याच्या तोंडात गोळी घालायची.

खोटं नाही सांगत. नळावर कुणी आवाज चढवला, दारात कुणी वाद घालायला आलं, की शालन पदराची गाठ सोडायची आणि म्हणायची, "आदी तोंड गोड करा, मग बोला." ती गोळी अशी चिवट की तोंड गोड व्हायचं, पण बोलणं काही व्हायचं नाही. जबडा हलता राहायचा आणि भांडण आपोआप विरून जायचं. माझ्याही तोंडात तिनं संसारभर किती गोळ्या घातल्या असतील त्याची गणतीच नको. दात माझे त्यातच गेले.

गोळी लिंबाची. साधं लिंबू नव्हे, ईडलिंबू. नारळाएवढं, खडबडीत सालीचं. तिच्या माहेरी, गगनबावड्याला, परड्यात झाड होतं. भाऊ एस.टी.च्या ड्रायव्हरकडं पिशवी द्यायचा. शालन साखरेचा गोळीबंद पाक करायची, त्यात रस, किसलेली साल आणि वर चमचाभर तूप. ताटात ओतून जरा निवलं की ते ओढायचं. ह्या ओढण्यातच सगळं आहे. न ओढता ठेवलं तर दगड होतो. दोघांनी दोन टोकं धरायची, हाताला तूप लावायचं, लांब ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. पिवळं पांढुरकं होईपर्यंत.

मी फाउंड्रीतला माणूस, चौथीतनं शाळा सोडलेला. दिवसभर तापल्या लोखंडाशी खेळून घरी आलो की ही टोक हातात द्यायची. मी जरा ढिला पडलो की, "ओढा की नीट. कंपनीत असंच करतायसा व्हय? मग मालकाचं काय खरं न्हाय."

आम्ही शिवाजी पेठेतले. आमच्या गल्लीला तालीम आहे आणि तालमीला फुटबॉलचा संघ आहे. बाहेरच्या माणसाला वाटेल, हा खेळ आहे. पेठेत तसं म्हणून बघा. मॅच असली की आजारी माणूस उठून बसतो आणि धडधाकट माणूस कामावर आजारी पडतो. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या पोरांना हाफ टाइमला शालनची गोळी लागायची. त्यानं दम टिकतो असं कुणीतरी ठरवलं. दोन मॅच जिंकल्यावर ते शास्त्र झालं. तेव्हा "आमची गोळी" म्हणत होते सगळे.

मग शेजारच्या पेठेबरोबर फायनल आली. बरोबरी चाललेली, शेवटची पाच मिनिटं. उंच बॉल आमच्या गोलवर आला. गोलकीपर बंडा पुढं धावला. त्यानं ओरडायचं असतं, "सोड!" म्हणजे आपला गडी बाजूला होतो. बंडाच्या तोंडातनं "उंऽऽ" एवढंच आलं. आमच्या दिनूनं उडी मारून डोकं लावलं आणि बॉल आमच्याच जाळ्यात. बंडाच्या तोंडात गोळी होती. एक नव्हे, दोन.

त्या संध्याकाळी पेठेत चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. तालमीचे अध्यक्ष आबा कट्ट्यावर बसून मिशीला पीळ देत म्हणाले, "गगनबावड्याच्या बाईनं गोळीत काय घातलं कुणास ठावं. पेठंची असती तर असं केलं नसतं."

सकाळपर्यंत आमची गोळी गगनबावड्याची झाली.

शालनला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ती दोन देऊन मोकळी झाली असती. पण हे तिला लागलं. ह्या गल्लीत तिनं पोरं वाढवली, माझ्या आईबापाचं शेवटचं केलं, शेजारणींची बाळंतपणं काढली. मला म्हणाली, "लगीन होऊन इतकी वर्सं झाली. माझी एस.टी. अजून हितं पोचलीच न्हाय वाटतं."

"आबाचं काय मनावर घेतीयास," मी म्हटलं.

"आबाचं न्हवं. सगळी गप बसली, त्येचं." मग म्हणाली, "उठा. पाक जरा जास्त चढवणार हाय आज. ओढायला जोर लागंल."

शनिवारी तालमीत मीटिंग होती. पराभवाची चौकशी. चौकशी कसली, बारा जण एकदम बोलणार आणि तेरावा घोषणा देणार. तालमीच्या तांबड्या मातीत बायका पाय ठेवत नाहीत. शालन उंबऱ्याबाहेरच थांबली, हातात ताट. म्हणाली, "शनिवार हाय. मारुतीला निवद आणलाय. प्रसाद घ्या सगळ्यांनी."

मारुतीचा प्रसाद. नको म्हणता येत नाही आणि तोंडात घातला की थुंकता येत नाही. एकेकानं घेतला. आबांनी आधी कपाळाला लावला, मग खाल्ला. मी मनात म्हटलं, झालं.

सगळ्यांचे जबडे चालू झाल्याचं बघून शालन बोलायला लागली. आमच्या तालमीत एक माणूस बोलतोय आणि बाकीचे ऐकतायत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"बंडा, तुझ्या तोंडात गोळी नसती तर तू दिनूला हाक मारली असतीस व्हय? गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर पुढं कुणी हुबं ऱ्हायचं ह्याच्यावरनं तुमचं वाजलंय. तवापासनं एकमेकांशी बोलत न्हाय तुमी. प्रॅक्टिसलाबी न्हाय. गल्लीतल्या कुत्र्याला ठावं हाय, कमिटीला न्हाय? आबा, ही दोघं तुमचंच पुतणं. म्हणून गोळी सापडली तुमाला. जिकलासा तवा गोळी पेठंची आन हरलासा की गगनबावड्याची?"

आबा उठले. बोलायला तोंड उघडलं, तर गोळीबरोबर कवळीच बाहेर यायला लागली. प्रसाद टाकायचा कसा? त्यांनी दोन्ही मिळून रुमालात बांधलं, कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं.

बंडाला हसू फुटलं. मान खाली घालून कसाबसा बोलला, "दिन्या."

दिनूनं गोळी गालात सारली. "काय रं?"

"सोड."

"आता म्हणतुयास व्हय, भाड्या?"

कमिटीनं ठराव केला. गोळी पोरांना मॅच झाल्यावर द्यावी. तालमीच्या मीटिंगला मात्र कधीही देऊ नये. माफी कुणी मागितली नाही. पेठेत ती पद्धत नाही. आणि बायका आपसात "गगनबावड्याची शालन" म्हणायच्या ते म्हणतच राहिल्या. शालननं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण सणाला माहेरी जाऊन आली की कुणीतरी "आलीस व्हय गावासनं?" विचारायचं, तेव्हा ती मुद्दाम म्हणायची, "गावाला गेलतो. आता घरला आलो."

पुढं मोबाइल आले, पोरं पुण्याला गेली, आणि शालन आजारी पडली. दवाखान्यातही नर्सच्या हातावर गोळी ठेवायची. एका सकाळी गेली.

नंतर मी एकदा पाक केला. ओढायला दुसरं टोक धरणारं कुणी नाही, म्हणून भिंतीच्या खुंटीला अडकवलं. खुंटी निघाली.

ती गेली त्या दिवशी बंडानं तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, "आपल्या पेठेतील शालनकाकू यांचे दुःखद निधन." तो फळा रोज पुसतात. हे त्यानं बाराव्यानंतरही पुसलं नाही, कुणाला पुसू दिलं नाही. मी रोज दुधाच्या पिशवीच्या निमित्तानं जाऊन ते वाचायचो. शाळेत असताना वाचायचा एवढा नाद असता तर फाउंड्रीत गेलो नसतो.

एक दिवस बंडा फळ्यापाशी ओला फडका घेऊन उभा. मला बघून ओशाळला.

"काका, उद्या मॅच हाय. फळ्यावर जागा न्हाय. पुसू?"

"पूस की. मॅच हाय म्हटल्यावर ती तरी काय म्हणणार."

त्यानं फडका मारला. शालनचं नाव गेलं, निधन गेलं. पहिल्या दोन शब्दांपाशी त्याचा हात थांबला. ते त्यानं तसेच ठेवले आणि पुढं लिहिलं, "संघाचा सामना उद्या चार वाजता."

मी वाचलं. आपल्या पेठेतील. तिच्यासाठी लिहिलेली अक्षरं, त्याच खडूची.

"काका, येणार न्हवं?" बंडानं विचारलं.

"येतो की," मी म्हटलं. "पेठंची मॅच हाय."