पेन्सिल घेऊन वाचणारी

संगमनेरच्या कॉलेजात एम.ए.ला माझ्या शेजारी बसणारी ती पाथर्डीकडची मुलगी सरांनी दिलेली झेरॉक्स पेन्सिलीशिवाय वाचत नाही. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच’ असला शब्द दिसला की खाली रेघ पडलीच. माझी झेरॉक्स नेली तर तीही रेघा घेऊनच परत येते. वर्गात बोलायचं असलं की ती बाकाची कड घट्ट धरून उभी राहते.

परवाच्या लेखात एक वाक्य होतं : ऊसतोडीला जाणाऱ्या आयांना मुलींच्या शिक्षणाची आस्था नसते. तिची आई दरवर्षी ऊसतोडीला जाते, हे वर्गाला माहीत. सगळे तिच्याकडे बघायला लागले. सरांनी घाईघाईनं तिची बाजू घेतली. “लेखक चुकलाय. हिची आईच बघा, मुलीला एम.ए.पर्यंत शिकवलं!”

ती उठली. बाकाच्या कडेवरची बोटं पांढरी पडली होती.

“आईनं न्हाई शिकवलं, सर. तिनं माझी शाळा सोडवली हुती. मामानं शिकवलं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मग लेखकाचं बरोबरच आहे की.”

“लेखकानं तिला इचारलं न्हाई,” ती मागं न वळता म्हणाली. “मी इचारलं, शाळा का सोडवली. तर म्हनली, उसाच्या फडात धाकटा रांगत ट्रॅक्टरखाली गेला तर? त्याला कोन धरील?”

मग ती वर्गाकडे वळली.

“आता तिला आस्था हुती का न्हाई, तुमी ठरवा. मला अजून जमलं न्हाई.”