टसरवर पसरलेला लाल

वारज्याच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी गेली बावीस वर्षं भरतकामाचे वर्ग घेते. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट शिकवते. रेशमाची कुठलीही नवी लडी आणली की तिचा वीतभर तुकडा पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवायचा आणि कापडावर रंग उतरला तर ती लडी वापरायची नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की सांगताना माझं लक्षही नसतं. मागच्या वर्षी मी स्वतःच ते केलं नाही.

ती बाई माझ्याकडे माझ्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीने आली. वय पस्तीस-छत्तीस असेल. खराडीला नोकरी करायची, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच होतं. सोफ्यावर बसली आणि पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली एक ओढणी काढली. कच्च्या टसर रेशमाची, फिक्या मधाच्या रंगाची. एका टोकाला पेन्सिलीने चित्र काढलेलं होतं. एक स्कूटर, त्यावर तिघं. बाबा चालवतायत, आई मागे बसलीय आणि पुढे फ्रॉक घातलेली एक मुलगी हात वर करून उभी आहे. त्या हाताला सहा बोटं होती.

"माझ्या मुलीने काढलंय," ती म्हणाली. "आठ वर्षांची होती. डेंग्यू झाला. चार दिवसांत गेली."

मी चित्र जवळ घेऊन पाहिलं.

"पेन्सिल पुसट होत चाललीय, ताई. दर वेळी काढून बघते ना, त्यानेच होत असेल. तुम्ही त्या रेघांवरून रेशमाने भराल का? म्हणजे कायमचं राहील. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. त्या दिवशी फ्रेम करून लावायचंय."

मी हो म्हणाले. नाही कसं म्हणायचं, हेच मला सुचलं नाही.

ती निघताना दारात थांबली. "फ्रॉक लाल करा. तिला लालच लागायचं."

ते काम मी फार जपून केलं. रेघांवर एकेरी धाग्याने उलटी टीप घातली. पेन्सिल जिथे थरथरली होती तिथे मीही टाके तसेच थरथरते घातले. सहावं बोटही भरलं. मधे एकदा ती येऊन बघून गेली. बराच वेळ हातात धरून बसली आणि म्हणाली, "तिचंच वाटतंय."

फ्रॉक शेवटी ठेवला होता, कारण तो पूर्ण भरायचा होता. घरातली लाल लडी निम्म्यातच संपली. त्या छटेचा धागा नेहमीच्या दुकानात नव्हता. वाढदिवसाला सहा दिवस राहिले होते. मी मंडईच्या मागच्या गल्ल्यांमध्ये फिरले आणि एका लहान दुकानात हुबेहूब तोच लाल मिळाला. सुट्टी लडी, वर कंपनीचा कागदही नव्हता. "रंग पक्का आहे का?" मी विचारलं. "पक्काच की," दुकानदार म्हणाला. घरी आल्याबरोबर सुई ओवली. तो वीतभर तुकडा भिजवायचा मला आळस आला असंही नाही. भिजवून, वाळवून, बघण्यात अर्धा दिवस जाईल, एवढंच वाटलं.

फ्रॉक दुसऱ्या दिवशी दुपारी पुरा झाला. भरतकामाच्या रिंगेमुळे कापडावर गोल वळ उठला होता. तो घालवायला मी ओढणी टॉवेलवर उलटी पसरली, पाण्याचा हलका फवारा मारला आणि इस्त्री तापायला ठेवली. वळून पाहिलं तर लाल रंग फ्रॉकमधून बाहेर पडत होता. आधी गळ्यापाशी बारीक कड आली. मग ती मुलीच्या चेहऱ्यावर चढली, तिथून बाबांच्या हातावर आणि स्कूटरच्या हँडलवर गेली.

मी ओढणी उचलून बेसिनकडे पळाले. नळाखाली धरली. पाणी गुलाबी होऊन वाहत होतं आणि मला वाटलं, निघतोय. पण जिथे जिथे ते पाणी टेकलं तिथे तिथे नवा डाग पडत होता. मिठाचं पाणी केलं. मग स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओतलं. तोंडाने मी सारखं "नको, नको" म्हणत होते, हे मला आतून धावत आलेल्या नवऱ्याने नंतर सांगितलं.

कापड वाळू द्यायचं नाही एवढं मला माहीत होतं. ओलीच ओढणी स्टीलच्या डब्यात घातली आणि रिक्षाने पेठेतल्या कापड रंगवणाऱ्या एका जुन्या रंगाऱ्याकडे गेले. रस्त्यात सिग्नलला रिक्षा थांबली की मी झाकण उघडून बघायची. जणू माझ्या बघण्याने तो रंग पुढे सरकायचा थांबणार होता.

रंगाऱ्याने चष्मा लावून कापड उजेडात धरलं, नाकाशी नेऊन हुंगलं.

"व्हिनेगर घातलंत?"

"हो."

"म्हणजे रेशमावर रंग पक्का केलात. आम्ही रंगवताना तेच करतो."

मी त्यांना विचारलं, काहीच करता येणार नाही का? त्यांनी सांगितलं, रंग काढायची पावडर घालून उकळत्या पाण्यात घुसळावं लागेल. "लाल जाईल. टसरचा रंगही जाईल. आणि ही खालची पेन्सिल काही राहणार नाही." मग म्हणाले, "कोणाचं आहे?"

मी सांगितलं. त्यांनी कापडाची नीट घडी घातली आणि डब्यात ठेवली. "मग मी हात लावणार नाही," म्हणाले.

घरी आल्यावर मी जेवले नाही. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "दुसऱ्या टसरवर उतरवून घे. टाके तुझेच आहेत. तिला कळणार नाही."

"अहो, असं कसं?"

"मग जा, सांग जाऊन तिला. चालेल ते?"

मला ते चाललं नसतं. मी तसलंच टसर मिळवलं. जुन्या ओढणीवर ट्रेसिंगचा कागद ठेवून चित्र उतरवलं आणि नव्या कापडावर पेन्सिलीने काढायला बसले. दोन दिवस तेच करत होते. वर्गातल्या मुलींना बरं नाही म्हणून सांगितलं. काढायचं, बघायचं, खोडायचं. कागदावर नेमकी तीच रेघ, पण कापडावर माझ्या हातून ती सरळ यायची, वळणदार यायची. स्कूटरची चाकं गोल व्हायची. मुद्दाम वेडीवाकडी काढली तर ती मुद्दाम काढल्यासारखी दिसायची. आठ वर्षांच्या मुलीने एका झटक्यात काढलेला हात मला चाळीस वेळा काढून जमेना.

नवऱ्याने मागे उभं राहून पाहिलं. "कुणा मोठ्या माणसाने काढलंय, लगेच कळतं," म्हणाला आणि आत गेला.

मी प्रामाणिकपणाने थांबले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं नाही. जमलं असतं तर मी ते तिला देऊन मोकळी झाले असते. तिने ते भिंतीवर लावलं असतं आणि रोज त्यावर हात फिरवला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

वाढदिवसाला दोन दिवस असताना तिला फोन केला. "जरा येऊन जाल का?" एवढंच बोलू शकले. तिला वाटलं, काम झालं. शनिवारी सकाळी ती हसतच आली.

ओढणी मी टेबलावर पसरून ठेवली होती. ती बघत राहिली. मुलीचा चेहरा, गळा, वर केलेला हात, सगळं लाल. मी बोलत होते. लडीचं, पाण्याचं, व्हिनेगरचं सगळं सांगितलं. नव्या कापडाचंही सांगितलं, ते का सांगितलं कोण जाणे.

मग हळूच म्हणाली, "अपघात झाल्यासारखं दिसतंय."

"टाके काढा," ती म्हणाली. "सगळे. मला पेन्सिल हवीय परत."

"खालची पेन्सिल राहिली असेलच असं नाही हो."

"काढा."

ती समोर बसली आणि मी एकेक टाका उसवत गेले. बारीक कात्रीचं टोक धाग्याखाली घालायचं, कापायचं, चिमट्याने ओढायचं. तीन तास लागले. चाकं दिसली, फिकी पण दिसली. आईचा अंबाडा अर्धा दिसला. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी फक्त डाग होता. सहा बोटांपैकी कुठलंच सापडलं नाही. माझ्याच सुईने, माझ्याच बोटांच्या घामाने ते घासून गेलं होतं. पाण्याने उरलेलं नेलं.

उसवताना मधेच ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता. "तिने हे काढलं तेव्हा मी फार ओरडले होते. नवी ओढणी होती. धपाटा घातला आणि साबण लावून घासायला बसले. ती बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणत होती, आई, पुसू नको ना, आपण आहोत ते."

माझा हात थांबला. "थांबू नका," ती म्हणाली.

सगळं उसवून झाल्यावर तिने ओढणी घेतली आणि त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. मी माफी मागितली. पुन्हा मागितली. ती चपला घालत म्हणाली, "ठीक आहे, ताई." ते तिने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज ऑफिसातल्या कुणाशी बोलतानाचा असावा.

मी जिन्यापर्यंत गेले. लिफ्ट खाली होती, ती पायऱ्या उतरून गेली.

वाढदिवसाच्या दिवशी मी फोन केला, तिने उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा केला. नंतर दोन महिन्यांनी माझ्या त्या विद्यार्थिनीकडे चौकशी केली. तिने सांगितलं की त्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने राहतं घर सोडलंय, कुठे गेले ते तिलाही माहीत नाही. वर्ग मी अजून घेते. लोकांची कामं घ्यायची बंद केली आहेत. कुणी कारण विचारलं तर डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगते.