वाफ धुण्याचा खर्च

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. साखर, गूळ, काहीच नसलं तर मूठभर शेंगा. त्या उन्हाळ्यात शेजारच्या अक्कांचं पितळी पातेलं आमच्या फडताळात तसंच पडून होतं. आईला वाटायचं मी विसरते. "अगं, खरवस खाऊन किती दिवस झाले, नेऊन दे ते," ती म्हणायची. मी पातेलं पुन्हा घासायचे, पुसायचे आणि होतं तिथंच ठेवायचे. त्यात काय घालून द्यावं, तेच मला सुचत नव्हतं.

आमचा कारखाना बादल्यांचा होता. पत्र्याच्या बादल्या आणि घमेली करायची आणि त्यांना जस्त चढवायचं. जस्त धरावं म्हणून लोखंड आधी तेजाबात बुडवून साफ करावं लागतं. त्या हौदावरून पांढुरकी वाफ उठायची, ती थेट घशाला लागायची. आमचं घर त्याच आवारात होतं, पण पश्चिमेच्या टोकाला. कोल्हापुरात वारा बहुतेक पश्चिमेचाच. त्यामुळे वाफ आमच्याकडे क्वचित यायची. ती पूर्वेच्या कुंपणावरून पलीकडे अक्कांच्या गोठ्यात जायची. घर बांधताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वारा पाहिला होता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

अक्का गवळ्यांच्या. नवरा गेल्यावर म्हशी त्यांनीच सांभाळल्या होत्या. संध्याकाळी म्हशी घेऊन त्या पेठेतल्या चौकात उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायच्या. कानडी आणि मराठी दोन्ही त्यांच्या घरात चालायचं. मला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मी इंग्रजी शाळेतून नुकतीच कॉलेजात गेलेली आणि चार माणसांत तोंड उघडायला घाबरणारी.

"तंगी, तुझ्या साळंत बोलायची फी येगळी घेत्यात काय गं?" त्या कुंपणापलीकडून ओरडायच्या. "बोल की जरा! म्हस बी तुझ्यापरास जास्त बोलती."

एकदा त्या अण्णांनाही कुंपणाशीच गाठून म्हणाल्या, "मालक, तुमच्या धुरानं म्हशी खोकत्यात. म्हस खोकली की दूध चोरती. चौकात मी लोकास्नी काय पाजू, तुमचा धूर?"

अण्णा निर्दय नव्हते. त्यांनी चौकशी केली आणि मुंबईहून एका इंजिनिअरना बोलावलं. वाफ पाण्यानं धुऊन काढणारा मनोरा बांधता येतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. इंजिनिअर इंग्रजीतच बोलायचे आणि अण्णांचं शिक्षण मराठी सातवीचं. म्हणून दोघांच्या मधल्या खुर्चीवर मला बसवलं.

अण्णांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मनोऱ्याला पडतात किती?" तेलाच्या इंजिनाला असते तशी मनोऱ्यालाही एक किंमत असेल, असं त्यांना वाटत होतं. पाहुण्यांनी उलट त्यांनाच विचारायला सुरुवात केली. हौदावरून हवा किती ओढायची? हवा जितकी जास्त, तितका मनोरा रुंद आणि पंखा मोठा. हौदावर झाकण बसवलं तर थोडी हवा ओढून भागेल आणि सगळंच स्वस्त होईल, पण झाकण उघडण्यामिटण्यात कामगारांचा वेळ जाईल. मनोरा कशाचा करायचा? साधं लोखंड तेजाब खाऊन टाकेल. आतून शिशाचा पत्रा मारला तर टिकेल, पण तो महाग. सागवान आणि आतून डांबर, हा मधला मार्ग. मनोऱ्यात दगडी कोळशाचा कोक भरायचा, वरून पाणी झिरपत ठेवायचं आणि खालून वाफ चढवायची. चढता चढता ती पाण्यात विरते.

"आणि धुवायची किती?" पाहुण्यांनी विचारलं. निम्मी वाफ धुणं सोपं आणि स्वस्त. उरलेली धुवायची तर मनोरा उंच करत न्यावा लागतो, आणि शेवटची चिमूटभर सगळ्यांत महाग पडते. मी हे मराठीत सांगितलं. अण्णांनी थोडा विचार केला. "त्यांना सांग, कुंपणापलीकडं वास जाता कामा नये. तेवढी."

मग पाण्याची गोष्ट निघाली. वाफ नाहीशी होत नाही, ती पाण्यात उतरते, असं पाहुणे म्हणाले. मनोऱ्याखालून येणारं पाणी म्हणजे पातळ तेजाबच. चुन्याच्या हौदात त्यातलं तेजाब मारून मगच ते सोडायला हवं. त्या हौदाचे पैसे त्यांनी वेगळे धरले होते.

अण्णा कुठलीही वस्तू घेताना एक प्रश्न विचारायचेच. तो त्यांनी आताही विचारला, "यातलं काय काढता येईल?" पंखा काढता येईना, सागवान काढता येईना. उंची कमी केली तर वास राहिला असता. "मग तो चुन्याचा हौद काढा म्हणावं. पाण्याला कसले पैसे? विहीर आपली, ओढा सरकारचा."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे पाहिलं आणि पेन्सिलीनं एक ओळ खोडली. मी दोन्हीकडचं नीट सांगितलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. पण तो ओढा अक्कांच्या गोठ्यामागून वाहतो आणि दुपारी त्यांच्या म्हशी त्यात डुंबतात, हे त्या खोलीत अण्णांइतकंच मलाही माहीत होतं.

दिवाळीनंतर मनोरा उभा राहिला. वास खरोखरच गेला. अक्कांची म्हैस व्याली तेव्हा त्या पातेलंभर खरवस घेऊन स्वतः आल्या. "घ्या मालक! म्हशी आता खोकत न्हाईत. द्येव तुमचं भलं करो." अण्णा संकोचून हसले. वेलदोड्याचा वास घरभर पसरला. आईनं वड्या पाडल्या. मला दोन दिल्या, मी दोन्ही खाल्ल्या.

थंडीत ओढ्याला पाणी होतं, तेव्हा काही दिसलं नाही. शिमग्यानंतर धार आटली आणि गोठ्यामागे नुसता डोह उरला. दगडांवरचं शेवाळ गेलं. धुणं धुणाऱ्या बायका खूश होत्या, आता पाय घसरत नाही म्हणून. संध्याकाळी बेडूक ओरडेनासे झाले. कुंपणाशी उभी राहून मी हे सगळं बघायचे आणि घरात यायचे.

त्या व्यालेल्या म्हशीच्या सडांना चिरा पडल्या. कासेला हात लावला की ती लाथ मारायची. चौकात तिनं एका गिऱ्हाइकाच्या हातातला पेला उडवला, तेव्हा लोक हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यातले बरेच पलीकडच्या गवळ्याकडे गेले. अक्कांनी म्हशीच्या गळ्यात काळा दोरा बांधला, मिरच्या उतरून टाकल्या. कशाचा गुण येईना.

"नजर लागलीया," त्या मला म्हणाल्या. "दिष्ट. आता वडगावच्या बाजारात इकतो तिला. लाथाळ म्हस म्हनून कोन किती देईल कुनास ठाव. माझ्या हातची वाढलेली हाय गं."

त्या दिवशी जेवताना मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, ते पाण्याचं..." ते म्हणाले, "बघू पुढं." आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. समोरच्या ताटात ताक होतं, तेही अक्कांकडच्याच दुधाचं.

सकाळी मी फडताळातून पातेलं काढलं, त्यात साखर घातली आणि कुंपणाला वळसा घालून गोठ्यात गेले. अक्का बाजारात न्यायची म्हणून म्हैस धूत होत्या. डोहाच्याच पाण्यानं.

"अक्का, नजर नाही लागलेली," मी म्हणाले. आवाज माझा मलाच नीट ऐकू येत नव्हता. "या पाण्यात तेजाब आहे. आमचं. मनोऱ्यातून येतं."

त्यांच्या हातातला काथ्या थांबला.

"कदीपास्नं ठाव हाय तुला?"

"मनोरा बांधायच्या आधीपासून."

त्यांनी माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. "आनि खरवस खाल्लास व्हय गं?"

"खाल्ला."

त्यांनी पातेलं घेतलं, साखर एका फडक्यात ओतली, आणि म्हशीचं दावं सोडून, तिला घेऊन त्या सरळ आमच्या फाटकातून आत आल्या. मी मागे मागे. कारखान्यातली ठोकाठोक हळूहळू बंद पडली.

"मालक, बाजारला निघालो हुतो," त्या म्हणाल्या. "म्हस तानेली हाय. तुमच्या मनोऱ्याखालचं पानी पाजा की एक बादली. बादली बी तुमचीच असूंद्या."

तयार बादल्यांची रास शेजारीच होती. कुणी हात लावला नाही. अण्णांनी म्हशीकडे पाहिलं, तिच्या कासेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं.

"बाई, म्हैस बाजारात नेऊ नका," ते म्हणाले. "विहिरीवर न्या तिला. चुन्याचा हौद करतो."

हौद झाला. पहिल्या अंदाजापेक्षा त्याला बराच जास्त खर्च आला, कारण पाण्याची वाट आता मनोऱ्याच्या पायाखालून गेली होती, आणि पाया फोडून ती वळवावी लागली. अण्णा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. पण पुढचं इंग्रजी पत्र आलं, तेव्हा ते हायस्कुलातल्या एका मास्तरांकडून वाचून घेतलं. मी पलीकडच्या खोलीतच होते. अक्का म्हैस घेऊन आत शिरल्या तेव्हाचा अण्णांचा चेहरा मला दिसायचा, आणि त्याच्याही आधी त्या चिरा पडलेल्या कासेवर डोहाचं पाणी ओतणारे अक्कांचे हात. कुणाची जास्त अपराधी आहे, ते ठरवता यायचं नाही.

पुढच्या वेताला ती म्हैस पुन्हा व्याली. अक्का स्वतः आल्या नाहीत. पातेलं कुणाबरोबर तरी धाडलं, निम्मंच भरलेलं. अण्णांनी वडी खाल्ली आणि ते वर पाणी प्यायले.

"भांडं परत गेलं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही अजून."

ते उठले. डब्यातून गुळाचा मोठा खडा काढून त्यांनी पातेल्यात ठेवला, आणि पातेलं माझ्याकडे न देता स्वतःच घेऊन कुंपणाकडे गेले.