रबर चांगलं आहे

"आण इकडे, जरा ताणून बघतो." मामांच्या हाती काहीही द्या, ते आधी ताणलं जायचं. चपलेचा पट्टा, टोपलीची दोरी, माझ्या नव्या स्वेटरची बाही. ती बाही अजून लोंबते आहे.

डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो आणि मामा माल तपासायचे. कोणाचे मामा ते विचारू नका. शेठही त्यांना मामाच म्हणत. रोज कासा गावाच्या पलीकडून जीपने यायचे आणि आल्यापासून भिरभिरत असायचे. चहासुद्धा चालता चालता. प्रत्येक लॉटमधला एक फुगा उजव्या तर्जनीत अडकवून कानाशी ताणायचे आणि आवाजावरून निकाल द्यायचे. त्या बोटाने नापास केलेला माल शेठनेही कधी बाहेर पाठवला नाही. मंडळी, असा मान किती जणांच्या वाट्याला येतो?

दोन हजार सोळा साल असेल. इंजिनिअरिंग कॉलेजातली एक मुलगी शेठच्या ओळखीने आली. लकवा झालेल्या माणसाचं बोट किती वाकतं, ते मोजणारी रबराची पट्टी तिला करायची होती. रबराच्या चिकात काळी कार्बन पावडर मिसळायची, पातळ पट्टी काढून बोटावर चिकटवायची, टोकांना तारा जोडायच्या. बोट वाकलं की पट्टी ताणणार आणि लॅपटॉपवरची रेघ वर चढणार. पण एकसारखी पातळ पट्टी काढायची कोणी? अर्थात मामांनी.

पहिली पट्टी त्यांच्याच कोपरावर लावली. मामा हात हलवताहेत, वळताहेत, आणि रेघ मात्र ढिम्म. सबंध डहाणूतला सर्वांत चुळबुळ्या माणूस, आणि तो हलतच नाही असा निकाल.

"मामा, मशीन म्हणतंय तुम्ही गेलात," मी जाहीर केलं.

"मग मयताला चहा आण," मामा म्हणाले.

पोरगी रडकुंडीला आली. दोन दिवसांनी उलगडा झाला. आमच्याकडे साच्यावरून उतरलेल्या प्रत्येक रबराला शंखजिऱ्याची पावडर लावतात, नाहीतर ते एकमेकांना चिकटतं. मामांनी सवयीने तिच्या पट्ट्यांनाही चोपडली होती, त्यामुळे तारा टेकतच नव्हत्या. मामांनी जीभ चावली आणि बिनपावडरीच्या नव्या पट्ट्या काढून दिल्या.

आता रेघ नाचू लागली. पॅकिंगच्या बायकांनी बोटं वाकवून पाहिली, मी पाहिलं, शेठने अंगठी काढून पाहिलं. मामाच तेवढे दर वेळी सटकत होते. कधी भट्टी बघायची, कधी पाण्याचा नळ. शेवटी शेठनेच त्यांना पकडून उभं केलं.

उजव्या तर्जनीची रेघ अर्ध्यावर चढून थांबली. पुन्हा केलं, पुन्हा अर्ध्यावर. त्या क्षणी मला आठवलं की गेले काही महिने मामा फुगा मधल्या बोटात अडकवत होते. मी मूर्ख, मला ती नवी ऐट वाटली होती.

मुलीचा चेहरा उतरला. पट्टीच बिघडली असं तिला वाटलं. चारच दिवसांवर तिची परीक्षा होती. शेठही म्हणाले, "जवा दे ने बेन, सोडून दे, पट्टीमध्येच लोचा आहे." मीही घाईघाईने मान डोलावली. मामांनी नुसतं हो म्हटलं असतं तर त्यांचं तपासणीचं टेबल शाबूत राहिलं असतं.

मामा जागच्या जागी दोनदा पाय बदलून उभे राहिले. मग बोटावरची पट्टी सोलून काढली, डाव्या हाताने कानाशी नेऊन ताणली.

"रबर चांगलं आहे, बाय," ते म्हणाले. "बोट खराब आहे."

मामांनीच पट्टी तिच्या डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

शेठ वाईट नव्हते. त्यांनी मामांना पॅकिंगला बसायला सांगितलं. बसायला! तीन आठवडे मामा तिथे तळमळले, मग भातलावणीचं निमित्त काढून गेले ते परत आलेच नाहीत. मुलगी पास झाल्याचं कळवायला मी फोन केला, तर त्यांचा एकच प्रश्न: पट्टी किती ताणल्यावर तुटली? फोनमध्ये त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

तपासणीच्या टेबलाशी आता एक स्टूल आहे. नवा माणूस दिवसभर त्यावर बसून असतो.